इन्व्हर्टर स्प्लिट एसी: दरवर्षी मेकॅनिककडून तपासणी खरंच लागते का?

सिंहगडरोडकर (पुणे)

घरात दीड टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे) आहेत. दोन्ही आर-३२ गॅसचे, तिसरं वर्ष चालू आहे. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत रोज रात्री सात-आठ तास आणि ऑक्टोबरात पंधरा-वीस दिवस, एवढाच वापर. फिल्टर आम्ही घरीच धुतो. थंडावा ठीक आहे, पाणी गळत नाही, आवाज नाही.

फेब्रुवारी आला की सर्व्हिसिंगच्या ऑफर सुरू होतात. ड्राय सर्व्हिस (कोरडी झाडपूस), वेट सर्व्हिस (पाण्याने धुणं), ‘गॅस चेकिंग मोफत’, वर्षाचा करार. काही बिघडलेलं नसताना दरवर्षी माणूस बोलवायलाच हवा का? घरी काय तपासता येतं? आणि बोलावलाच तर त्याने नेमकं काय करायला हवं, म्हणजे नुसतं पाणी मारून जाणार नाही?

कॉइल_कॉम्प्रेसर

सर्व्हिसिंग हे एकच काम समजलं जातं, पण त्यात चार कामं आहेत आणि चारांची मुदत वेगळी. फिल्टर दर दोन आठवड्यांनी, तो घरच्यांनीच धुवायचा. कॉइल, ब्लोअर (आतला वारा फेकणारा पंखा) आणि ड्रेन (पाणी बाहेर नेणारी नळी) धुणं धूळ आणि वापर बघून. वीजजोडणी आणि आउटडोअरची बैठक वर्षातून एकदा, न चुकता. गॅसच्या सर्किटला मात्र लक्षण दिसल्याशिवाय हातच लावायचा नाही. ऑफर देणारे नेमकं उलटं करतात: गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, आधी लावतात आणि वीजतारा जोडलेल्या टर्मिनलचे स्क्रू कुणी बघत नाही.

फिल्टर धुता ते चांगलंच, फक्त पाण्याची धार जाळीच्या मागच्या बाजूने मारा म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. गरम पाणी नको, जाळी वाकते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवा.

जाळीतून निसटलेली बारीक धूळ कॉइलवरच्या ओल्या फिन्सना (पातळ पत्र्यांना) चिकटते आणि पुढे ब्लोअरच्या पात्यांच्या खोबणीत बसते. फिल्टर कितीही धुतले तरी हे होतंच. खोबणी भरली की पातं हवा पकडत नाही. मोटर त्याच वेगाने फिरते, आवाजही तोच, पण वाऱ्याचा झोत लुळा पडतो. हवा कमी म्हणजे कॉइलला मिळणारी उष्णता कमी. मग कॉइल आणखी थंड होते, कॉम्प्रेसर जास्त फरकाविरुद्ध गॅस दाबत राहतो आणि तेवढ्याच थंडाव्याला वीज जास्त लागते. टोकाला गेलं तर कॉइलवर बर्फ धरतो.

पाहायचं असं. एमसीबी बंद करा, समोरचा लुव्हर (झोताची दिशा बदलणारी पट्टी) हाताने हलकेच खाली करा आणि टॉर्च मारा. पात्यांच्या कडा स्वच्छ दिसल्या आणि पॅनेल उघडल्यावर फिन्समधल्या फटी मोकळ्या असल्या, तर धुणं पुढे ढकलता येतं. पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर किंवा काळे ठिपके असतील तर वेट सर्व्हिस करायलाच हवी. तुमचा वापर वर्षाला साधारण ९०० तासांचा होतो. एवढ्याला वर्षातून एक धुणं भरपूर झालं, धूळ कमी असेल तर दीड वर्षही चालतं. मात्र एसी हॉलमध्ये असेल आणि स्वयंपाकघर त्यालाच उघडत असेल, तर तळणाच्या वाफेतलं तेल कॉइलवर बसतं आणि धूळ तिथे लुकणासारखी घट्ट होते. रोज धूप-अगरबत्ती असेल तरी तेच. अशा घरात सहा महिन्यांनी धुवा. घरात पीओपी किंवा फर्निचरचं काम झालं असेल तर तारखेची वाट बघू नका, पॉलिशपेपरची भुकटी ओल्या कॉइलवर सिमेंटसारखी बसते.

दुसरी तपासणी थर्मामीटरची. तार असलेला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. दारं-खिडक्या बंद करा, १७ वर लावा, पंखा पूर्ण, आणि २० मिनिटं थांबा. वरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान घ्या, मग खाली झोताच्या मध्ये घ्या. फरक ८ ते १२ अंश आला तर तब्येत ठीक. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो ८ च्या आसपास राहतो, कारण ताकदीचा मोठा वाटा हवेतली वाफ पाणी करण्यात जातो. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात १३ देखील येतो. २४ वर लावून मोजू नका. खोली थंड झाली की इन्व्हर्टर मंदावतो आणि फरक आपोआप घटतो, त्यात बिघाड काही नसतो.

एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. धुण्यानंतर लगेच मोजा, तारीख आणि बाहेरचं तापमान वहीत लिहा, पुढच्या फेब्रुवारीत तसंच मोजा. ११ चा १०.५ झाला तर मेकॅनिकचा फोन नंबर शोधायचं कारण नाही. ११ चा ७ झाला तर आहे.

कायद्याचं म्हणाल तर भारतात घरगुती एसीच्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये १२ किलोवॉटच्या वरच्या यंत्रणांना दर ५ वर्षांनी तपासणी लागते. तुमचे दोन्ही एसी मिळून साडेदहा किलोवॉटच होतात.

वसईची_खाडी

वरचं सगळं पटलं, पण ते पुण्याला लागू आहे. समुद्र किंवा खाडीपासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी ‘लक्षण दिसल्यावर बघू’ म्हणू नये. खारी हवा आउटडोअरच्या अ‍ॅल्युमिनियम फिन्स खाते. बोटाने दाबली की फिनची पांढरी भुकटी होते. सांडपाण्याच्या नाल्याजवळ तर आणखी वाईट. तिथला कुजका वायू तांबं काळं करतो आणि इनडोअरच्या कॉइललाही सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. इथे आउटडोअर वर्षातून दोनदा साध्या गोड्या पाण्याने धुवायचा, पावसाळा संपल्यावर आणि फेब्रुवारीत. धार आतून बाहेर आणि मध्यम दाबाने. कारवॉशच्या पंपाने जवळून मारली तर फिन्स आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते.

मेकॅनिकने पिशवीतून अ‍ॅसिड काढलं तर तिथेच थांबवा. कॉइल दोन मिनिटांत चकचकीत होते म्हणून ते वापरतात. त्या चकाकीबरोबर फिनवरचा निळा किंवा सोनेरी संरक्षक थर निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने चालतो. घरी कॉइलवर व्हिनेगर फवारू नका, व्हिडिओत कितीही सोपं दाखवलं तरी. व्हिनेगरचं आम्ल, ओल आणि हवा एकत्र आली की तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी बारीक बिळं पडतात. बाहेरून काही दिसत नाही, गॅस मात्र महिन्या-दोन महिन्यांत संपतो.

आता ज्या तपासणीसाठी किनाऱ्यावर दरवर्षी माणूस बोलवावाच ती: स्टँड. दीड टनाच्या आउटडोअरचं वजन २५ ते ३५ किलो, तो लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेला आणि खाली रस्ता. रंग वरून शाबूत दिसतो, गंज वेल्डिंगच्या कोपऱ्यात आणि भिंतीतल्या अँकर बोल्टच्या मुळाशी असतो. पेचकसाने खरवडून पाहायचं. पापुद्रे सुटले तर रंग मारून भागत नाही, ब्रॅकेट बदलायचा, शक्य तर स्टेनलेस स्टीलचा आणि बोल्टही त्याच धातूचे. मशीन ज्या रबरी पायांवर बसते ते कडक झाले तर थरथर सरळ बोल्टला जाते, म्हणून तेही बदला.

आणि कळकळीने सांगतो, आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर दोरी-पट्ट्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका. तो स्वतः ‘होतं साहेब’ म्हणाला तरी नाही. सेफ्टी बेल्ट घेऊन ये, उद्या ये, असं सांगा.

सिंहगडरोडकर (पुणे)

दोघांचे आभार, टॉर्चची तपासणी आजच करतो. गॅसबद्दल जरा नीट सांगाल का? ‘प्रेशर थोडं कमी आहे, टॉप-अप मारून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर ते खरं की खोटं कसं ओळखायचं?

फ्लेअर_नट

गाडीत पेट्रोल संपतं तसा एसीत गॅस संपत नाही. नळ्या बंद आहेत, तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता मारलेला टॉप-अप त्याच भोकातून जातो.

प्रेशरचं असं. मशीन बंद असताना, हवा ३० अंश असेल तर आर-३२ चं प्रेशर सुमारे २६५ पीएसआय (दाबाचं एकक) दिसतं. आत पूर्ण भरती असो किंवा पाव भरती निघून गेलेली असो, जोवर थोडा द्रव गॅस शिल्लक आहे तोवर काटा तिथेच राहतो. म्हणजे बंद मशिनीचं प्रेशर दाखवून ‘गॅस फुल आहे’ म्हणणाराही काही सिद्ध करत नाही. चालू मशिनीत, कॉम्प्रेसर पूर्ण वेगात असताना, सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणाऱ्या नळीला, साधारण ११० ते १४५ च्या दरम्यान दिसतं. पण इन्व्हर्टरचा वेग बदलतो तसा काटा बदलतो. मंद वेगात तो वर जातो, जोरात खाली येतो. म्हणून इन्व्हर्टरमध्ये काटा बघून भरणं हे अंदाजपंचे काम. आणखी एक घोळ म्हणजे जुन्या आर-२२ चे ६०-७० चे आकडे डोक्यात बसलेला माणूस आर-३२ वर काम करायला येतो. त्याला ११५ जास्त वाटतं आणि तो चांगला गॅस सोडून देतो.

गेज दरवर्षी लावण्याला माझा विरोध आहे, मोफत असलं तरी. गेजची नळी लावताना-काढताना दर वेळी थोडा गॅस निघतो. आर-३२ च्या मशीनमध्ये मुळात किलोच्या आतबाहेर गॅस असतो, तिथे थोडाही मोजावा लागतो. शिवाय सर्व्हिस पोर्टमधली पिन एकदा दाबली की रबरात कचरा अडकून ती झिरपू शकते. पोर्टवरचं पितळी टोपण हेच खरं बूच आहे. ते हरवलं असेल तर आधी ते बसवा.

गॅस खरंच कमी झाल्याची खूण गेजशिवाय दिसते. फिल्टर आणि कॉइल स्वच्छ असूनही इनडोअरच्या कॉइलचा सुरुवातीचाच पट्टा गार किंवा बर्फाळ आणि बाकी भाग कोमट. आउटडोअरच्या बारीक नळीच्या नटवर बर्फाचा पांढरा थर. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती लावून करंट मोजायचं मीटर) करंट नेहमीपेक्षा कमी आणि थंडावाही कमी. कॉइलभर सारखा बर्फ असेल तर बहुधा हवा अडली आहे, गॅस नाही. आधी धुवा.

खूण पटली की क्रम हा. चारही फ्लेअर नटांवर (नळीचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, मशीनला आवळून धरणारे नट) तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का पाहा, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं. साबणाचा फेस लावा. सापडलं नाही तर उरलेला गॅस काढून कोरडा नायट्रोजन ४०० पीएसआयपर्यंत भरून तासभर काटा बघा. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल भेटलं की स्फोट होतो, माणसं गेली आहेत. फ्लेअर खराब असेल तर कापून नवा करा आणि टॉर्क पान्याने आवळा. पाव इंची नट १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन अष्टमांश ३३ ते ४२, अर्धा इंची ५० ते ६२. जोर लावून ‘अजून एक आटा’ दिला की फ्लेअरच्या गळ्याला चीर जाते, आणि ती चीर सहा महिन्यांनी गळते. मग व्हॅक्यूम पंप. मायक्रॉन गेजवर (व्हॅक्यूम मोजायच्या यंत्रावर) ५०० च्या खाली आणून व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा चढत राहिला तर ओल आहे किंवा गळती. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम मोजून भरायचे. नळी कंपनीने ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे तेही कागदपत्रांत असतं.

तुमचा प्रश्न सरळ होता, तर उत्तर सरळ: टॉप-अप म्हणणाऱ्याला ‘गळती कुठे आहे आणि वजनकाटा आणलाय का’ एवढंच विचारा. आर-३२ किंचित ज्वलनशील आहे, म्हणून गॅस आत असताना नळीला ब्रेझिंगची (धातू वितळवून जोड देण्याची) ज्योत लावू देऊ नका. प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारा एसी असेल तर त्या गॅसचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय कुणालाच उघडू देऊ नका.

तारजोडणी

वार्षिक तपासणी हवीच असं मी म्हणतो ते विजेसाठी. दीड टनाचा इन्व्हर्टर पूर्ण जोरात ६ ते ९ अँपिअर घेतो, आणि तेही सलग काही तास. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण एवढा वेळ एवढा करंट खेचत नाही. स्क्रू किंचित सैल असेल तर तिथे उष्णता होते, उष्णतेने तांबं फुगतं-आकसतं, स्क्रू आणखी सैल होतो. सहा-आठ महिन्यांनी प्लगची पिन तपकिरी होते.

घरी पाहायचं ते: एसी तासभर चालवा, एमसीबी बंद करा, मग प्लग आणि सॉकेटला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. पिवळटपणा किंवा जळका वास असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. वायर तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची तरी हवी, मीटरपासून लांब असेल तर चार. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नका. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा, ट्रिप झालाच पाहिजे.

मेकॅनिकने करायचं ते: इनडोअर-आउटडोअरच्या टर्मिनल पट्ट्या आवळणं, अर्थिंगची तार दोन्हीकडे खरंच जोडली आहे का पाहणं, आउटडोअरच्या बोर्डावर मुंग्या किंवा पाल शिरली आहे का पाहणं. गारवा आणि किडे मिळतात म्हणून पाल तिथे जाते आणि दोन टोकांना चिकटली की बोर्ड जातो. वायर जिथून आत शिरते ते भोक रबरी ग्रोमेटने (कडीने) बंद करून घ्या.

आउटडोअरचं झाकण घरच्यांनी उघडू नये. एमसीबी बंद केल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं साठलेला असतो. मेकॅनिकनेही दहा मिनिटं थांबून, मीटर लावून मगच हात घालायचा.

नागपूरची_धग

आमच्याकडच्या विंडो आणि जुन्या बिगर-इन्व्हर्टर स्प्लिटवाल्यांसाठी एक भर. त्यात कॉम्प्रेसरचा रन कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा भाग) असतो, बहुतेक ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा. उन्हाने तो दरवर्षी थोडा मरतो. ऐन मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि व्होल्टेज कमी, अशा वेळी कॉम्प्रेसर ‘हूंऽऽ’ करून सुटतच नाही. दर फेब्रुवारीत मीटरने मोजून घ्या, लिहिलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घसरला असेल तर बदला. वस्तू स्वस्त आहे, तिच्यापायी कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं. आणि आउटडोअरजवळ काटेसावर असेल तर एप्रिल-मे मध्ये तिचा कापूस कॉइलच्या पाठीवर बसतो. रविवारी केरसुणी फिरवा. तिथे कबुतरांनी घरटं केलं असेल तर तेही काढा.

कॉइल_कॉम्प्रेसर

वर्षाच्या कराराबद्दल राहिलं होतं. करार दोन प्रकारचे. एकात फक्त फेऱ्या आणि धुणं, दुसऱ्यात सुटे भागही. तुमच्याकडे कॉम्प्रेसर आणि बोर्डाची वॉरंटी चालू असेल तर सुट्या भागांचा करार म्हणजे त्याच गोष्टीचे दोनदा पैसे. वॉरंटी कार्डावर ‘अधिकृत सर्व्हिस’ची अट आहे का ते मात्र नीट वाचा. असेल तर वर्षातून एक फेरी त्यांच्याचकडून घ्या आणि पावती जपा. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर, किनाऱ्यावर असाल तर आधीच, गॅस आणि कॉइल धरून केलेला करार विचार करण्यासारखा असतो. ‘कॉइल गंजली तर भरपाई नाही’ असं बारीक अक्षरात आहे का, तेवढं पाहून सही करा.

फ्लेअर_नट

सिंहगडरोडकर, तुमचं एक उत्तर राहिलं: मेकॅनिकने पाणी मारण्यापलीकडे काय करायचं. वेट सर्व्हिसला आधी बोर्ड आणि मोटरला प्लॅस्टिक बांधलं पाहिजे, खाली झोळी लावली पाहिजे. फेस लावला तर तो सौम्य असावा आणि साध्या पाण्याने पूर्ण निघावा. ब्लोअर हाताने फिरवत प्रत्येक पात्यात धार गेली पाहिजे, नुसती कॉइल धुऊन ब्लोअर सोडला तर अर्धं काम झालं. ट्रे काढता येत असेल तर काढून घासायचा. ड्रेनमधला शेवाळाचा लोळा बाहेरच्या टोकाने ओढून काढायचा, आतून फुंकून पुढे ढकलायचा नाही. दमट दिवशी दीड टनी एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो, तेव्हा पाइप मध्ये कुठे झोळ धरत असेल तर पावसाच्या तोंडावर भिंतीवर ओघळ येणारच.

सगळं बसवल्यावर एक लिटरच्या बाटलीने कॉइलवर सावकाश पाणी ओता आणि दुसऱ्या कुणाला ड्रेनच्या टोकाशी उभं करा. सगळं पाणी तिथे अखंड धारेने बाहेर आलं, ठिबकत अडलं नाही, हे पाहून मगच पैसे द्या.